चार नंबरच्या खोलीतले ढेकूण

तक्रारीचा तो मेल आला तेव्हा अक्का जेवून जरा आडव्या झाल्या होत्या आणि काउंटरवर वहिनी बसल्या होत्या. मेल पाच-सहा ओळींचाच होता. गेल्या आठवड्यात आपण तुमच्याकडे चार नंबरच्या खोलीत उतरलो, ढेकणांनी फोडून काढलं, अंगभर उठलेल्या गांध्यांचे फोटो सोबत जोडलेत, आणि उद्यापर्यंत उत्तर आलं नाही तर हेच फोटो सगळ्या जगाला दाखवू.

वहिनींनी तो पुन्हा एकदा वाचला.

गेस्टहाउस तसं लहान. खाली चार खोल्या, वर पाच. एका अंगाला मोठं हॉस्पिटल, दुसऱ्या अंगाला बसस्टँड. उतरणारी माणसं म्हणजे पेशंटचे नातेवाईक, फिरते विक्रेते, परीक्षा घ्यायला आलेले प्राध्यापक. सासऱ्यांनी जाताना ते मुलगा आणि मुलीच्या नावावर अर्धं अर्धं करून ठेवलं होतं. मुलगा म्हणजे वहिनींचा नवरा. त्याला सगळे मालक म्हणत, आणि मालक सकाळभर स्वयंपाकघरात अंडी फोडत नाहीतर गच्चीवरच्या बॉयलरशी झटापट करत. मुलगी म्हणजे अक्का, मालकांची थोरली बहीण. त्यांनी लग्न केलं नाही, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी केली, निवृत्त झाल्या आणि काउंटरवर येऊन बसल्या त्या बसल्याच. फोन, बुकिंग, कॉम्प्युटर, पैसे ही अक्कांची हद्द. खोल्या, चादरी, न्हाणीघरं ही वहिनींची. कागदावर वहिनींचं नाव कुठंच नव्हतं. त्यांची सत्ता चालायची ती स्वच्छतेत, आणि नेमके तिथंच कुणीतरी ढेकूण सोडले होते.

त्यांनी फोटोवर टिचकी मारली. फोटो काही उघडला नाही. पडद्यावर एक काळी चौकट लकाकली आणि डोळा मिटावा तशी मिटली. त्यांनी पुन्हा टिचकी मारली. कॉम्प्युटर घरघरला आणि गप्प झाला. फोटो न बघताच वहिनींनी माफीचं उत्तर धाडलं, पुढच्या खेपेला एक दिवस फुकट राहा म्हणून सांगितलं, आणि तो मेल ‘इतर’ नावाच्या कप्प्यात सारून दिला. अक्कांना हे कळता कामा नये. अक्का ओरडल्या नसत्या. त्यांनी चष्म्यावरून नुसतं बघितलं असतं आणि "हं" म्हटलं असतं. त्या एका "हं"पुढे ओरडणं परवडलं.

दुपारीच वहिनी टॉर्च घेऊन चार नंबरमध्ये शिरल्या आणि आतून कडी घातली. गादी उभी केली. शिवणीशिवणीतून नख फिरवलं, पलंगाच्या फटीत जुनं व्हिजिटिंग कार्ड घालून पाहिलं, पडद्यांच्या दुमडी, चित्राची मागची बाजू, स्विचबोर्डच्या कडा, काही सोडलं नाही. ढेकूण काय, ढेकणाचा डागही सापडला नाही.

मग तक्रार आली कशी? त्या आठवड्यात त्या खोलीत उतरले होते ते एक विमा एजंट, ज्यांनी जाताना खोलीची तारीफ केली होती, आणि एक आजीबाई, ज्यांना मेल म्हणजे काय हेही ठाऊक नसावं. वहिनींनी मेलमधली वाक्यं मनात पुन्हा पुन्हा घोळवली. ‘समाधानकारक उत्तर.’ ‘योग्य ती दखल.’ ही भाषा कुणाची? अशी छापील भाषा घरात एकच माणूस बोलायचं.

विचार मनात आला आणि त्यांनी तो झटकला. पण दोन दिवसांनी चार नंबरमध्ये झाडायला गेल्या तर पलंग भिंतीपासून बोटभर पुढे आलेला होता. त्यांनी तो स्वतः भिंतीला टेकवला होता. गादीच्या खोळीची चेन डोक्याकडे ठेवायची त्यांची सवय, ती पायाकडे गेली होती. मधे खोलीत कुणी उतरलं नव्हतं. खोल्यांच्या जादा किल्ल्या दोघींकडेच असायच्या.

म्हणजे ढेकूण नव्हते, ते कुणी आणून सोडतंय की काय? पाणी कुठंतरी मुरतंय, वहिनी मनात म्हणाल्या. गुपचूप त्यांनी पुन्हा गादी उलटीपालटी केली. पुन्हा काही नाही.

त्याच सुमारास अक्कांच्या नावाने पार्सलं यायला लागली. अक्का म्हणजे एक छत्री काड्या बदलून बदलून वापरणारी बाई. त्यांच्यासाठी दारात पार्सलवाला उभा राहतो हेच नवल, आणि त्यात अक्का खोकं उघडून दाखवायच्या सोडून काखोटीला मारून तडक वर आपल्या खोलीत न्यायच्या.

"काय मागवलंत हो अक्का?" वहिनींनी एकदा सहज विचारल्यासारखं विचारलं.

"काही नाही गं, किरकोळ," अक्का जिन्यावरूनच म्हणाल्या.

किरकोळ खोकं दोन्ही हातांनी उचलावं लागत होतं.

दातवाले आले ते त्यानंतर. हे दातांच्या डॉक्टरांना लागणारं सामान विकत फिरायचे. दर महिन्याला यायचे, खिडकीजवळची खोली मागायचे आणि मालकांच्या ऑम्लेटची स्तुती करायचे. या वेळी ते बॅग न घेताच आले. काउंटरपाशी उभे राहिले आणि फार नम्रपणे बोलायला लागले. नेहमी मोकळं बोलणारा माणूस एकदम नम्र झाला की समजावं, काहीतरी बिनसलंय.

"माझं कार्ड कुणीतरी वापरलंय," ते म्हणाले. "परक्या गावात टीव्ही घेतला, घड्याळं घेतली. बँकेनं विचारलं, कार्ड कुठं कुठं दिलं होतंत. आता पंचाईत अशी की जुनं कार्ड हरवलं म्हणून हे मी नुकतंच नवं घेतलं होतं. अजून कुठल्या दुकानात वापरलेलंसुद्धा नाही. त्याचा नंबर मी आजवर एकाच ठिकाणी सांगितलाय. इथं, फोनवर, खोली राखून ठेवताना."

काउंटरमागे अक्का ताठ बसल्या होत्या. "तुम्हाला काय म्हणायचंय?"

"मला काहीच म्हणायचं नाही, अक्का. बँक म्हणतेय." आणि ते हॉस्पिटलच्या पलीकडच्या लॉजमध्ये राहायला निघून गेले.

वहिनी जिन्याखाली धुतलेले टॉवेल घेऊन उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं. फोनवर बुकिंग घेताना अक्का काय करतात हे त्यांना पाठ होतं. पाहुणा कार्डाचा नंबर सांगायचा, अक्का तो एक्स्चेंजच्या सवयीने खणखणीत आवाजात एकेक आकडा परत म्हणायच्या, म्हणता म्हणता कॉम्प्युटरमध्ये टाकायच्या. मग मुदतीची तारीख, मग कार्डामागचे तीन आकडे. अक्कांना एकदा ऐकलेला फोन नंबर वर्षानुवर्षं आठवतो, हे तर घरात कौतुकाने सांगितलं जायचं.

आता त्या कौतुकाकडे बघून वहिनींच्या मनात पाल चुकचुकली.

त्यांनी नवऱ्याजवळ विषय काढला. मालक कांदा चिरत होते.

"अक्कांची पार्सलं बघितलीत?"

"कसली?"

"तेच तर. कसली ते कुणालाच माहीत नाही. आणि दातवाल्यांचं कार्ड..."

मालकांनी सुरी खाली ठेवली. "तू माझ्या बहिणीला चोर म्हणतेस?"

"मी काही म्हणत नाही. बँक म्हणतेय."

"मग बँकेला सांग, अक्का लहानपणी सापडलेलं नाणंसुद्धा मास्तरांकडे नेऊन द्यायची." ते पुन्हा कांद्याकडे वळले. चिरता चिरता म्हणाले, "कॉम्प्युटरलाच काहीतरी झालं असेल. हल्ली फार धापा टाकतो. इंटरनेटवर एक सफाई करणारा प्रोग्रॅम आहे, एका टिचकीत सगळं स्वच्छ. संध्याकाळी टाकतो."

"नको त्या भानगडी," वहिनी म्हणाल्या. मालकांनी हात लावला की बॉयलरसुद्धा दोन दिवस बंद पडायचा.

पुढच्याच आठवड्यात परीक्षा घ्यायला येणाऱ्या प्राध्यापिका बाईंचा फोन आला. त्यांच्याही कार्डावरून कुणीतरी खरेदी केली होती. त्या चिडल्या नव्हत्या, पण पुढच्या सत्रासाठी राखलेली खोली त्यांनी रद्द केली.

घरात बोलणं आखडलं. जेवताना भांड्यांचेच आवाज यायचे. वहिनी झाडू हातात घेऊन काउंटरच्या आसपास घोटाळायच्या आणि अक्का फोनवर असल्या की जिना पुसायला घ्यायच्या. हे अक्कांच्या लक्षात न येणं शक्यच नव्हतं. त्यांनीही एक दिवस चष्म्यावरून बघून विचारलं, "हा जिना आज तिसऱ्यांदा पुसतेस. कुणी सांडलं का काही?" त्या बघण्यात वहिनींना वाटलं, हिला माझाच कसला तरी संशय आहे. चोराच्या उलट्या बोंबा!

अखेर वहिनी एका सकाळी चादर बदलायच्या निमित्ताने अक्कांच्या खोलीत गेल्या. एरवी अक्का आपली चादर आपण बदलायच्या. खाटेखाली रिकामी खोकी घड्या घालून ठेवलेली होती, वरचे पत्ते फाडलेले. कपाटाला किल्ली तशीच होती. वहिनींनी किल्लीला हात लावला. आत काय असेल? घड्याळं? तेवढ्यात जिन्यावर अक्कांचा खोकला ऐकू आला. वहिनींनी उशीचा अभ्रा ओढून काढला आणि चेहरा त्याच्याआड लपवून तो झटकायला लागल्या.

"मी करते ना माझं," दारातून अक्का म्हणाल्या.

"म्हटलं तुमचे गुडघे दुखतात."

अक्कांनी कपाटाकडे बघितलं, मग वहिनींकडे. "हं," म्हणाल्या.

त्या आठवड्यात अक्का डोळे तपासायला गेल्या. डोळ्यांत थेंब घातल्यावर दिवसभर नीट दिसत नाही, म्हणून तो सबंध दिवस काउंटर वहिनींकडे आला. दुपारी एका बाईंचा फोन आला. नवऱ्याचं ऑपरेशन आहे, तळमजल्यावरची खोली हवी, त्याला जिना चढवत नाही. बाई घाबरलेल्या होत्या, पुन्हा पुन्हा विचारत होत्या की हॉस्पिटल खरंच चालत जाण्याजोगं आहे ना. वहिनींनी त्यांना धीर दिला. कार्डाचा नंबर मोठ्याने न म्हणता, मनातल्या मनात घोकत, दार लोटून घेऊन कॉम्प्युटरमध्ये टाकला. कागदावर उतरवला नाही. कुणाला सांगितला नाही. उलट मनात आलं, निदान या बाईंचे पैसे तरी सुरक्षित राहतील.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी त्या बाई आल्या त्या रडतच. हॉस्पिटलमध्ये अनामत भरायला गेल्या तर कार्ड चालेना. आतले पैसे कुणीतरी आधीच उडवले होते.

मालकांनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं. अक्का लगेच बँकेला फोन लावायला बसल्या. वहिनी मात्र भिंतीला टेकून तशाच उभ्या राहिल्या. त्या नंबरला अक्कांचा कान लागला नव्हता, डोळा लागला नव्हता. तो नंबर या घरात एकाच माणसाला ठाऊक होता. इतके दिवस त्या ज्या चोराच्या मागावर होत्या, त्याच्या जागी आता त्यांना स्वतःला उभं करून बघावं लागत होतं. आणि आपण काही केलेलं नाही, हे तर त्यांना पक्कं माहीत होतं.

मग अक्कांनाही तसंच पक्कं माहीत असेल की.

त्यांनी काउंटरवरच्या कॉम्प्युटरकडे बघितलं. नंबर आणखी एकाने पाहिला होता.

"अक्का," त्या म्हणाल्या, "त्याच्यावर काही टाकू नका. बटणालासुद्धा हात लावू नका. बँकेचं सगळं फोनवरून करा."

हॉस्पिटलच्या मागच्या गल्लीत एक बाई कॉम्प्युटर दुरुस्त करायच्या. पन्नाशीच्या, अबोल, कायम सर्दी झालेल्या. त्या आल्या, बसायच्या आधी कॉम्प्युटरच्या मागे वाकल्या आणि इंटरनेटची तार उपटून काढली.

"आधी हे," नाक पुसत त्या म्हणाल्या. "आत जो कोणी बसलाय त्याचा बाहेरचा रस्ता बंद. आता त्याला जे कळलं ते कळलं, नवीन काही पाठवता येणार नाही."

"आत कोण बसलाय?" मालकांनी विचारलं.

"बघू या."

मालकांनी मधेच एका टिचकीत सफाई करणाऱ्या त्या प्रोग्रॅमचं नाव सांगितलं. बाईंनी मान वर केली. "टाकलात?"

"नाही, हिने टाकू दिलं नाही."

"वाचलात. असली फुकटची सफाई म्हणजे चोराच्या हाती तिजोरीच्या किल्ल्या. त्यातले निम्मे स्वतःच चोर असतात."

त्यांनी खिशातून एक पेनड्राइव्ह काढला. कॉम्प्युटर त्याच्या स्वतःच्या डोक्याने सुरू न करता त्या पेनड्राइव्हवरून सुरू केला. आतला चोर जागा व्हायच्या आत घर तपासायचं, असं त्यांनी सांगितलं. तपासणी बराच वेळ चालली. तेवढ्या वेळात त्यांनी विचारलं, की कोपऱ्यात अँटिव्हायरसची सूचना येत होती ना, मुदत संपली म्हणून? अक्का म्हणाल्या, येत होती, मी रोज ती बंद करत होते, मला वाटलं जाहिरात आहे. बाईंनी नाक पुसलं.

मग पडद्यावर लाल ओळी उमटल्या.

"हा बघा. नाव प्रिंटरच्या प्रोग्रॅमसारखं घेतलंय, म्हणजे कुणाला शंका नको. कॉम्प्युटर सुरू झाला की हा गुपचूप सुरू होतो. तुम्ही जे जे बटण दाबाल ते टिपतो, मधून मधून पडद्याचे फोटो काढतो आणि आपल्या धन्याला, म्हणजे चोराला, पाठवतो. कार्डाचे नंबर त्याला बरोबर ओळखता येतात." त्यांनी आणखी काही उघडून पाहिलं. "आला कुठून तेही दिसतंय. मेलबरोबर. फोटो म्हणून जोडलेला, पण फोटो नव्हताच तो. विषय काय आहे... ढेकूण."

वहिनी पडद्याजवळ सरकल्या.

"लॉज, हॉटेलं, गेस्टहाउसं यांना असले मेल शेकड्यांनी जातात. ढेकणांचं नाव काढलं की माणूस उघडतोच. चार नंबरची खोली सगळ्यांकडेच असते," बाई सांगत होत्या. "तुमच्याकडे दोनदा उतरवलाय. एकदा दुपारी आणि मग दोन दिवसांनी सकाळी परत. दुसऱ्या वेळी फाइलच्या नावापुढे आपोआप आकडा लागलाय, तो बघा. कुणी उघडला होता?"

मालक गोंधळून बघत राहिले. "ढेकूण? आपल्याकडे?"

गप्प राहता आलं असतं. कॉम्प्युटर अक्कांचा, मेल अक्कांचे, काउंटर अक्कांचं. कुणीही अक्कांकडेच बघितलं असतं, आणि मालक बघतही होते. वहिनींनी ओढणीचं टोक बोटांभोवती गुंडाळलं आणि सोडलं.

"दुपारी मी उघडला," त्या म्हणाल्या. "अक्का झोपल्या होत्या. मला लाज वाटली म्हणून सांगितलं नाही."

"आणि सकाळी?" बाईंनी विचारलं.

उत्तर आलं ते काउंटरच्या आतल्या बाजूने.

"सकाळी मी," अक्का म्हणाल्या. "‘इतर’मध्ये पडलेला दिसला. हिने उत्तर दिलेलंही दिसलं. म्हटलं, हिने मला सांगितलं नाही म्हणजे हिच्या जिव्हारी लागलंय, आपण कशाला काढा? फोटो बघायचा प्रयत्न केला, उघडला नाही. मग मीच जाऊन गादी तपासली."

"पलंग तुम्ही सरकवलात?"

"मग काय ढेकणांनी?"

"आणि पार्सलं?"

अक्का उठल्या. गुडघ्यावर हात ठेवत जिना चढून वर गेल्या. कपाट उघडल्याचा आवाज आला. खाली आल्या तेव्हा त्यांच्या हातात पांढऱ्या जाड खोळींची चळत होती. सगळ्या बाजूंनी चेन लावून गादी बंद करून टाकायच्या, आत ढेकूण शिरू नये आणि आतला बाहेर येऊ नये अशा. सोबत फवारणीच्या बाटल्या आणि वाफ मारायचं एक यंत्र.

"नऊ खोल्यांच्या होईपर्यंत थांबले होते," त्या म्हणाल्या. "तू माहेरी गेलीस की एका दिवसात घालून टाकणार होते. तुला कळलंही नसतं."

मालक एकदा बायकोकडे, एकदा बहिणीकडे बघत राहिले. "म्हणजे दोघींनी एकमेकींच्या चोरून एकच गादी उलटीपालटी केली, आणि ढेकूण एकही नव्हता?"

"बॉयलर बघा जा तुम्ही," दोघी एकदमच म्हणाल्या.

दुरुस्तीवाल्या बाईंनी पुढचं काम सांगितलं. सापडलेला प्रोग्रॅम त्यांनी काढला होता, पण तेवढ्यावर त्यांचा विश्वास नव्हता. "असल्यांची पिल्लं कुठं लपलीत सांगता येत नाही. ज्या कॉम्प्युटरवर लोकांचे पैसे हाताळायचे, तो पूर्ण पुसून नव्याने उभा करायचा. तुमचे कागद आणि फोटो तेवढे तपासून बाजूला घेते, प्रोग्रॅम एकही घेणार नाही." पासवर्ड सगळे बदलायचे, पण या कॉम्प्युटरवरून नव्हे, दुसऱ्या स्वच्छ फोनवरून. आणि आधी मेलचा, कारण मेल हातात असला की चोर बाकीचे पासवर्ड पुन्हा मिळवतो. शिवाय फोनवर येणारा दुसरा आकडा टाकल्याशिवाय मेल उघडू नये अशी सोय करून घ्यायची. बँकेला कळवायचं, पोलिसांच्या सायबर विभागात तक्रार द्यायची. आणि इथून पुढे कार्डाचा नंबर कुणाचाही कॉम्प्युटरमध्ये टाकायचा नाही. पाहुण्याला बँकेची लिंक पाठवायची, त्याचं त्याने भरावं, नाहीतर समोर येऊन मशीनमध्ये कार्ड घालावं.

"आणि ज्यांची कार्डं या दिवसांत इथं टाकली गेली, त्या प्रत्येकाला फोन करा," दारातून त्या म्हणाल्या. "आजच. चोरी झालेली असो वा नसो. कार्ड बंद करून नवं घ्यायला सांगा. हे काम कुठल्या प्रोग्रॅमला करता येत नाही."

ते काम सगळ्यांत जड गेलं. फोन करायचे म्हणजे स्वतःच्या तोंडाने सांगायचं, की तुमचा नंबर आमच्याकडून गेला. आधी वहिनींनी फोन उचलला, आणि पहिल्याच माणसाने असं काही सुनावलं की त्यांनी रिसीव्हर कानापासून दूर धरला. अक्कांनी त्यांच्या हातून रिसीव्हर घेतला. त्यांचा तो एक्स्चेंजचा आवाज, सरळ, न डगमगणारा: "होय, चूक आमच्याकडे झाली. आपण आत्ता, हा फोन ठेवताच, बँकेला फोन करून कार्ड बंद करा. मग मला हवं ते बोला, मी इथंच आहे." काहींनी खरंच परत फोन करून हवं ते ऐकवलं. अक्कांनी ऐकून घेतलं. चार जणांची कार्डं वापरली जायच्या आधी बंद झाली, हेही त्यातूनच कळलं. ऑपरेशनवाल्या बाईंना बँकेने पैसे परत दिले, पण ऑपरेशन होऊन गेल्यावर. तोवर अनामत मालकांनी भरली आणि खोलीचं भाडं कुणी काढलं नाही. दातवाले परत आले नाहीत. त्यांनी फोनवर शांतपणे सगळं ऐकलं, "कळवलंत ते बरं केलंत" म्हणाले, पण तो पलीकडचा लॉज त्यांना आवडला होता.

दोघींचं काय झालं, हे मालकांना कळायला वेळ लागला. पहिले काही दिवस तर त्या एकमेकींशी कामापुरतंच बोलत होत्या. मग एका दुपारी नव्या खोळी घालताना वहिनींनीच तोंड उघडलं.

"अक्का, मी तुमच्या कपाटाच्या किल्लीला हात लावला होता."

"ठाऊक आहे."

"मला वाटलं, तुम्ही त्या कार्डांवर..."

"तेही ठाऊक आहे." अक्कांनी चेन जोराने ओढली. ती मधेच अडकली. "वाईट वाटलं. अजून वाटतंय. तुझ्या लग्नात मी तुला चपला आणून दिल्या होत्या, पाय सुजले होते तुझे म्हणून. चोराला इतकं लक्षात राहत नाही."

वहिनींनी गादीचं दुसरं टोक उचलून धरलं, चेन सुटली.

"आणि मला काय वाटलं होतं सांगू?" पुढची खोळ उलगडत अक्का म्हणाल्या. "पुढे पुढे मला वाटायला लागलं, मेल तूच लिहिलास. ढेकणांचं निमित्त करून वडिलांचे जुने पलंग काढून टाकायला. सारखा जिना पुसत होतीस, मला वाटलं मला काउंटरवरून उठवायचा बेत आहे."

"ते पलंग कुरकुरतात मात्र," वहिनी म्हणाल्या.

अक्कांना हसू आलं, पण त्यांनी ते पुरतं येऊ दिलं नाही.

त्यानंतर कधीतरी एका संध्याकाळी अक्कांनी एकाएकी सांगून टाकलं, की उद्यापासून सकाळी काउंटरवर वहिनीने बसावं, खोल्या आपण बघू. वहिनींच्या मनात लगेच चक्र फिरायला लागलं. आता ह्यात काय असेल? मला चूक करताना पकडायचंय? का खोल्या आपल्या ताब्यात घ्यायच्यात? एरवी त्यांनी हे रात्रभर उशाशी घेऊन काढलं असतं. या वेळी त्यांनी विचारूनच टाकलं.

"का?"

"बसून बसून गुडघे धरतात," अक्का म्हणाल्या. "डॉक्टरनं चालायला सांगितलंय. दुसरं काय असणार?"

वहिनी काउंटरवर बसल्या. नवीन पाहुण्यांना लिंक कशी पाठवायची ते त्यांना दोन दिवसांत जमलं. तिसऱ्या दिवशी वर टॉवेल द्यायला गेल्या तर सहा नंबरच्या खोलीत अक्का खिडकीपाशी उभ्या होत्या आणि चौकटीवरून बोट फिरवून ते उजेडात धरून बघत होत्या.

"काय बघताय?" वहिनींनी दारातूनच विचारलं.

"धूळ."

"आहे?"

"आहे."

वहिनींनी टॉवेल पलंगावर ठेवले, पदर खोचल्यासारखी ओढणी कमरेला बांधली आणि फडकं आणायला खाली गेल्या. येताना दोन घेऊन आल्या.